आकाश निरभ्र, तरी विमान रद्द : ज्वालामुखीची राख इंजिनाचं काय करते

प्रश्न असा आला आहे. पुण्यातलं एक कुटुंब लोहगावहून बंगळुरूला पोचलं, पुढे बालीचं विमान होतं. काउंटरवर कळलं की इंडोनेशियातल्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे उड्डाण रद्द. नकाशा काढून पाहिला तर लेवोतोबी फ्लोरेस बेटावर, म्हणजे बालीपासून साधारण ८०० किलोमीटर पूर्वेला. बालीच्या हॉटेलवाल्यानं पाठवलेल्या व्हिडिओत आकाश निळंशार. त्यांचा सवाल : 'राजस्थानात धुळीची वादळं येतात, तरी जोधपूर-जयपूरची विमानं थोड्या उशिरानं का होईना, जातातच ना? मग या राखेचंच एवढं काय? की सीट भरल्या नाहीत म्हणून कंपनीनं हे कारण पुढे केलं?'

माझी सगळी नोकरी विमानांच्या इंजिनांत गेली. आता पुण्यात असतो आणि एएमईच्या, म्हणजे विमान देखभाल अभियांत्रिकीच्या, पोरांना टर्बाइन इंजिन शिकवतो. कंपन्यांवर चिडायला प्रवाशांकडे भरपूर कारणं असतात, पण हे त्यातलं नाही. तुमच्या विमान कंपनीनं त्या दिवशी जे केलं तेच मीही सांगितलं असतं.

आधी राख म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण सगळं तिथेच अडतं. काही जळून ही राख झालेली नसते. तो खडकाचा आणि काचेचा चुरा असतो. जमिनीखालच्या शिलारसात वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब एकदम कमी झाला की ते फसफसून बाहेर पडतात, रसाचा फेस होतो, आणि त्या फेसाच्या क्षणात थिजून चिंधड्या उडतात. स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, म्हणून त्यातला मोठा भाग काच असतो. सोबत फेल्डस्पार, पायरॉक्सीनसारख्या खनिजांचे कण आणि जुन्या खडकाचे तुकडे.

ही राख बघायला इंडोनेशियाला जायला नको. आपल्या जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ, कुकडी नदीच्या काठच्या गाळात तिचा थर आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरहून लांबून वाऱ्यावर आलेली. टोबाच्या नेमक्या कुठल्या उद्रेकाची, यावर भूशास्त्रज्ञांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. एका भूशास्त्राच्या प्राध्यापक मित्रानं त्यातली चिमूटभर मला दिली आहे आणि ती मी वर्गात दाखवतो. पांढुरकी, हलकी पूड. दोन बोटांत चोळली तर सुरुवातीला मऊ वाटते, मग कचकच जाणवते. सूक्ष्मदर्शकाखाली एकही कण गोल दिसत नाही. फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती असतात त्या : वाकड्या, पारदर्शक, धारदार. तीन बुडबुडे जिथे टेकले होते तिथले तुकडे तीन फाट्यांचे. विमानाच्या जुन्या खिडकीचा ॲक्रिलिकचा एक तुकडा माझ्याकडे आहे. त्यावर ही पूड टाकून अंगठ्यानं दोन-तीनदा घासली की तिथून पलीकडचं वाचता येत नाही. पोरांना एवढं दाखवलं की पुढचं अर्धं व्याख्यान वाचतं.

पण घासणं हा या राखेचा धाकटा गुण. थोरला गुण वितळण्याचा.

राजस्थानच्या वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ असतं आणि ते वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. ज्वालामुखीची काच त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते आणि साधारण ११०० अंशांना बहुतेक राख वितळलेली असते. जेट इंजिनाच्या कंबस्टरमध्ये, जिथे इंधन जळतं तिथे, विमान वर सरळ उडत असतानाही १४०० अंशांच्या वर तापमान असतं. म्हणजे राख आत गेली की आधी हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची पाती घासत जाते, कंबस्टरमध्ये वितळते, आणि तिथून बाहेर पडल्या पडल्या समोर येतात त्या टर्बाइनच्या (गरम वायूच्या जोरावर फिरणाऱ्या भागाच्या) पहिल्या रांगेतल्या स्थिर पात्यांवर, नॉझल गाइड व्हेनवर, जाऊन बसते. गुळाचा पाक गरम असताना परातीला चिकटतो आणि थंड झाला की चिक्की होऊन कटकन तुटते, तसंच या काचेचं वागणं आहे. ते ध्यानात ठेवा, पुढे दोन विमानं त्याच एका गुणावर वाचली आहेत.

या व्हेनमधली वाट मोजूनमापून ठेवलेली असते. तिच्यावर काचेचा लेप चढला की वाट अरुंद होते, गरम वायूला बाहेर पडायला जागा कमी पडते, आणि दाब उलटा कॉम्प्रेसरकडे चढतो. कॉम्प्रेसरची पाती आधीच घासलेली, त्यांची तो दाब पेलायची ताकद घटलेली. मग सर्ज होतो : हवेचा प्रवाह उलटतो, तोफेसारखे आवाज येतात, इंजिनाच्या मागून ज्वाळा दिसतात, आणि शेवटी आतली ज्योत विझते. त्याला आम्ही फ्लेमआउट म्हणतो. इंधनाच्या नॉझलभोवती काजळी आणि राख साचली तर ज्योत विझणं आणखी सोपं.

आता ती दोन विमानं. २४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ लंडनहून ऑकलंडला निघालेलं, वाटेत आपल्या मुंबईला थांबून पुढे गेलेलं. जावाच्या दक्षिणेला, रात्री, ३७,००० फुटांवर असताना काचेवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या, केबिनमध्ये गंधकासारखा वास आणि धुरकट हवा. रडारवर काहीच नाही. थोड्या वेळात एकेक करत चारही इंजिनं बंद. गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ते शिरलं होतं, हे वैमानिकांना त्या क्षणी माहीतच नव्हतं. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की आपल्यापुढे एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत. ब्रिटिश माणूसच असं बोलू जाणे. विमान तरंगत १३,००० फुटांच्या आसपास उतरलं, राखेच्या ढगाखाली आलं, आणि इंजिनं पुन्हा लागली. जाकार्ताला उतरताना समोरच्या काचा इतक्या घासल्या होत्या की धावपट्टीचे दिवे जेमतेम कडेच्या पट्टीतून दिसत होते. २६३ माणसं सुखरूप उतरली.

इंजिनं पुन्हा का लागली? ज्योत विझली तशी टर्बाइन थंड झाली, वर बसलेला लेप ठिसूळ झाला, तडकला आणि हवेच्या झोतानं काही भाग उडून गेला. वाट मोकळी झाली.

दुसरं १५ डिसेंबर १९८९चं. केएलएमचं बोइंग ७४७-४००, सहा महिन्यांचंही झालेलं नव्हतं. ॲमस्टरडॅमहून अँकरेजला उतरत असताना रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. वैमानिकांनी लगेच पूर्ण ताकद लावून वर चढायचा प्रयत्न केला. कुणीही तेच केलं असतं, संकटातून वर निघायचं ही वैमानिकाची उपजत ओढ. पण पूर्ण ताकद म्हणजे इंजिनात जास्त तापमान आणि जास्त हवा, म्हणजे जास्त राख आणि तिच्या वितळण्याला पोषक भट्टी. साधारण मिनिटभरात चारही इंजिनं गेली. विमान हजारो फूट खाली आलं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून इंजिनं लागली आणि ते अँकरेजला उतरलं. कुणाला इजा नाही. चारही इंजिनं बदलावी लागली आणि नुकसान ८ कोटी डॉलरच्या वर गेलं.

म्हणून आजची पद्धत या ओढीच्या बरोबर उलट आहे, आणि मला ती फार आवडते. राखेत सापडलात तर इंजिनाची ताकद आपोआप ठरवणारं ऑटोथ्रॉटल काढा, ताकदीचा दांडा, म्हणजे थ्रस्ट लिव्हर, मागे ओढा, शक्य असेल तर पार आयडलपर्यंत, म्हणजे इंजिन नुसतं फिरत राहील इतपत. त्यानं इंजिनातलं तापमान उतरतं आणि राख वितळून चिकटण्याचं प्रमाण घटतं. चढू नका, सरळ मागे वळा, कारण राख किती लांब पसरली आहे ते ठाऊक नसतं पण मागे ती कुठे संपते ते ठाऊक असतं. इंजिन आणि पंखांचं अँटी-आइस सुरू करा, एअर कंडिशनिंगचे पॅक जोरात चालवा. यानं गारवा नको असतो, इंजिनातून जास्त हवा काढून घेऊन सर्जपासून थोडं अंतर मिळवायचं असतं. इग्निशन चालू, शेपटीतलं छोटं जादा इंजिन, एपीयू, चालू, ऑक्सिजन मास्क तोंडाला, आणि कंट्रोलला कळवा म्हणजे मागून येणारा तरी वाचेल.

इतर त्रास थोडक्यात. वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूब तुंबतात, मग वेगाचा आकडा खोटा येतो. घर्षणानं साचलेल्या स्थिर विजेमुळे रेडिओवर खरखर होते, त्या निळसर ठिणग्याही त्याच. राखेसोबत आलेल्या गंधकाच्या वायूंपासून आम्ल बनतं आणि खिडक्यांच्या ॲक्रिलिकवर बारीक भेगांचं जाळं दिसायला लागतं. धावपट्टीवर पडलेली राख ओली झाली की ब्रेक लागत नाहीत. १९९१ साली पिनातुबोच्या उद्रेकात फिलिपिन्समध्ये उभ्या असलेल्या एका डीसी-१० विमानाच्या मागच्या भागावर ओल्या राखेचं इतकं वजन झालं की ते शेपटीवर बसलं, नाक वर करून. त्याचा फोटो आमच्या धंद्यात सगळ्यांनी पाहिलेला असतो.

'मग राखेच्या वरून किंवा खालून का नाही जात?' हाही प्रश्न तुम्ही विचारलाच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेवोतोबीची राख नऊ-दहा किलोमीटर उंच गेली होती, म्हणजे प्रवासी विमानं नेमकी ज्या उंचीवर उडतात तिथे. जुलै २०२५ मध्ये तर ती त्याच्याही पुष्कळ वर, विमानांच्या आवाक्याबाहेर गेली. खालून जायचं तर राख खालीच पडत असते. शिवाय कमी उंचीवर इंधन जास्त लागतं आणि शेवटी जायचं त्याच विमानतळावर, जिथून परत चढताना पूर्ण ताकद लावावी लागणार.

'रडारवर दिसत नाही का?' नाही. विमानाचं हवामान रडार पावसाच्या थेंबांसाठी बनवलेलं, मिलिमीटरच्या मापाचं. दूरवर गेलेल्या राखेचे कण त्याच्या कितीतरी बारीक आणि कोरडे. रडारच्या लेखी तिथे मोकळं आकाश. दिवसा ती साध्या ढगासारखी किंवा धुरकटपणासारखी दिसते, रात्री दिसतच नाही. तुमच्या हॉटेलवाल्याचा व्हिडिओ खरा होता, पण त्यातून १०,००० मीटरवरचं काही कळत नाही.

आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वात बोलकी घटना, जिच्यात कुणाचंही इंजिन बंद पडलं नाही. फेब्रुवारी २०००. नासाचं डीसी-८ हे संशोधनाचं विमान रात्री स्वीडनमधल्या किरुनाकडे चाललं होतं आणि आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीच्या विरळ राखेतून काही मिनिटं गेलं. कॉकपिटमध्ये काहीही जाणवलं नाही. ना वास, ना ठिणग्या, ना इंजिनांच्या काट्यांत फरक. विमानात हवेचे नमुने घेणारी उपकरणं होती म्हणून केवळ कळलं. किरुनाला उतरल्यावर बाहेरून पाहिलं, सगळं ठीक. पुढे घरी परतल्यावर इंजिनात बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घातला तेव्हा टर्बाइनच्या पात्यांची शीतक छिद्रं तुंबलेली आढळली. चारही इंजिनांच्या दुरुस्तीचा खर्च ३२ लाख डॉलर.

ही छिद्रं म्हणजे काय, ते सांगतो. टर्बाइनवर येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असतो. तरी पातं टिकतं, कारण ते आतून पोकळ असतं आणि त्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून, एक मिलिमीटरहूनही लहान, तुलनेनं थंड हवा बाहेर येऊन पात्यावर पातळ थर धरते. तो थर तुटला तर पातं त्या जागी हळूहळू भाजत जातं. काटे सांगत नाहीत. एक्झॉस्ट गॅस टेंपरेचर, आमच्या भाषेत ईजीटी, थोडं वर सरकलं असेल तर सरकलं असेल.

अशी तपासणी कशी असते? इग्नायटरचा प्लग काढून त्या भोकातून कॅमेरा आत घालायचा. एकजण पडद्यावर बघतो, दुसरा बाहेरून इंजिनाचा रोटर हातानं, अगदी सावकाश फिरवतो, म्हणजे एकेक पातं समोरून जातं. निरोगी पात्याच्या पुढच्या कडेवर छिद्रांच्या ओळी काळ्या ठिपक्यांनी स्पष्ट दिसतात. राख खाल्लेल्या इंजिनात तीच कड राखी-तपकिरी होते, काही ठिकाणी ओल्यासारखी चकाकते, आणि ठिपक्यांच्या ओळीत मध्येच गाळलेल्या जागा दिसतात. बघणाऱ्यानं 'थांब' म्हटलं की फिरवणारा थांबतो, फोटो घ्यायचा, पात्याचा क्रमांक लिहायचा, पुढे. एका इंजिनाला कित्येक तास जातात, आणि रात्रपाळीतली ही कामं घाईनं करायची नसतात. विमान 'राखेतून गेल्याचा संशय' एवढंच असलं तरी हे करावं लागतं आणि तोवर ते जमिनीवर. आता हिशेब करा : एक फेरी रद्द केली तर कंपनीचे काही लाख जातात. इंजिन उतरवावं लागलं तर आकडा कोटींत, शिवाय विमान महिनाभर उभं. सीट भरल्या नाहीत म्हणून कारण पुढे केलं, असं म्हणताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा.

निर्णय कंपनी एकटी घेत नाही. जगाचं आकाश ज्वालामुखी राख सल्ला केंद्रांमध्ये वाटलेलं आहे, अशी नऊ केंद्रं आहेत. इंडोनेशियाकडचं ऑस्ट्रेलियातलं डार्विन बघतं, आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडचं फ्रान्समधलं तुलूझ. उपग्रहांची चित्रं, वैमानिकांचे निरोप आणि वाऱ्यांचं गणित यावरून राख आता कुठे आहे आणि पुढच्या ६, १२, १८ तासांत कुठे जाईल, याचे नकाशे ती काढतात. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथली हवामान कार्यालयं त्यावरून आपल्या क्षेत्रासाठी सिग्मेट हा इशारा काढतात. तो कंपनीच्या डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाणाची आखणी करणाऱ्यांच्या, टेबलावर आला की मार्ग बदलायचा, इंधन वाढवायचं की रद्द करायचं, हे ठरतं. वारा फिरला की नकाशाही फिरतो. सकाळी रद्द आणि दुपारी सुरू, किंवा एका कंपनीचं गेलं आणि दुसरीचं नाही, हे त्यामुळे होतं.

सावधगिरीचा अतिरेक होऊ शकतो, हेही खरं. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुल ज्वालामुखीमुळे युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिलं, सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली. त्या वेळचा नियम होता : राख असेल तर उडायचं नाही, किती ते विचारायचं नाही. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांकडेही किती चालेल याचं उत्तर तयार नव्हतं. मग घाईघाईनं एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम राख ही मर्यादा आली, पुढे ४ मिलिग्रॅमपर्यंतचे टप्पे आले. माझं मत विचाराल तर केवळ दाटपणा मोजून भागत नाही, किती वेळ त्या हवेत काढला तेही धरायला हवं. अलीकडचा अभ्यास त्याच दिशेनं चालला आहे. पण हे आकडे वापरायचे तर आकाशात राख किती आहे हे नेमकं कळावं लागतं, आणि चालू उद्रेकात ते फार अंदाजानंच कळतं. त्यामुळे आपल्या भागात अजूनही सरळ 'टाळा' हाच नियम व्यवहारात चालतो, आणि बरोबर चालतो.

पुण्या-मुंबईला याचा काय संबंध, असं वाटत असेल तर नोव्हेंबर २०२५ आठवा. २३ तारखेला इथिओपियातल्या हायली गुब्बीचा उद्रेक झाला. लिखित इतिहासात त्याची नोंद नव्हती. राख १४ किलोमीटरच्या आसपास चढली, तांबडा समुद्र, येमेन, ओमान, अरबी समुद्र ओलांडून २४ तारखेच्या रात्री गुजरात, राजस्थान करत दिल्लीवर आली. चार हजार किलोमीटर. हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनं कंपन्यांना ते पट्टे टाळायला आणि शंका असलेल्या विमानांची तपासणी करायला सांगितलं, आखाताकडची काही उड्डाणं रद्द झाली. खाली श्वास घेणाऱ्यांना फारसं काही कळलंही नाही, कारण राख वरून वाहत गेली. आपण पुणेकर स्वतः ज्वालामुखीच्याच काळ्या दगडावर राहतो, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. देशातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट, श्री विजयपुरमपासून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सुमारे १४० किलोमीटरवर. तो अधूनमधून धुमसतो, पण सहसा लहान प्रमाणात.

राहिला पैशांचा भाग. उड्डाण रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं उड्डाण, यातलं एक मिळायलाच हवं, तिथे गप्प बसू नका. वरून भरपाई मात्र मिळत नाही, कारण ज्वालामुखी कंपनीच्या हातातला नाही. तुमचं पुणे-बंगळुरू आणि बंगळुरू-बाली वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर पहिली कंपनी हात झटकणार, म्हणून इंडोनेशियाला जाताना सगळा प्रवास एकाच पीएनआरवर काढा, दोनशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी. प्रवास विमा काढायचा तर तिकिटाबरोबरच काढा. उद्रेकाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात तो उद्रेक सहसा धरत नाहीत.